डिसेंबर १९५५ची दोन पत्रे

१५ डिसेंबर १९५५ रोजी अलेक्झांडर ग्रोथेन्डिक यांनी ज्याँ-पिएर सेर यांना एक पत्र लिहिले. सेर यांच्या उत्तरावर २२ डिसेंबर ही तारीख आहे. ग्रोथेन्डिक तेव्हा २७ वर्षांचे होते, सेर २९ वर्षांचे. दोघांचा पत्रव्यवहार २००१ साली फ्रेंच मॅथेमॅटिकल सोसायटीने पुस्तकरूपाने छापला; पिएर कोल्मेझ आणि स्वतः सेर हे त्याचे संपादक. त्याआधी बैजिक भूमितीतल्या ड्युऑलिटीचा इतिहास छापील लेखांच्या आधारेच सांगितला जाई आणि तो दोन वाक्यांत संपे : सेर यांनी १९५५ साली प्रमेय सिद्ध केले, ग्रोथेन्डिक यांनी पुढे ते व्यापक केले. हा क्रम चुकीचा नाही. पण कागद तारीखवार लावले की त्यात एक मोठी फट दिसते. त्या डिसेंबरमध्ये प्रमेयाला नवी सिद्धता मिळाली नव्हती. त्याचे विधानच बदलले होते. पुढच्या बारा-तेरा वर्षांचे काम मला त्या बदलाची फेड वाटते. ते कसे, हे दाखवण्यासाठी आधी थोडे गणित आणि मग कागद.

एक बंद पृष्ठभाग घ्या, ज्यावर संमिश्र संख्यांचे कलनशास्त्र चालते. त्यावर काही बिंदू निवडा आणि प्रत्येक बिंदूपाशी एखादे फलन कसे अनंताकडे जावे हे आधीच ठरवून टाका. त्या त्या बिंदूच्या आसपास असे फलन नेहमी मिळते. सगळ्या पृष्ठभागावर मिळून असे एकच फलन आहे का, हा खरा प्रश्न. गावनकाशे शेजारी ठेवले की शिवेवर फरक दिसतो. प्रत्येक गावाने आपापल्या नकाशात थोडी दुरुस्ती केली तर तो मिटतो का, तशीच ही अडचण आहे. कोणत्या तुकड्यावर कोणत्या दुरुस्त्या चालतात याची पद्धतशीर नोंद म्हणजे शीफ. सगळ्या दुरुस्त्या करूनही जो फरक उरतोच, त्याचे मोजमाप म्हणजे शीफची पहिली कोहोमोलॉजी.

उरलेला फरक ओळखायचा कसा? एकोणिसाव्या शतकाने त्याचे उत्तर दिले होते. पृष्ठभागावर जेवढी भोके, तेवढी एकमेकांपासून स्वतंत्र अशी, कुठेही अनंताकडे न जाणारी डिफरन्शियल्स असतात. आपण ठरवलेल्या मजकुराला यांपैकी एकेका डिफरन्शियलने गुणायचे आणि सगळ्या बिंदूंवरच्या अवशेषांची, म्हणजे विद्यार्थी ज्यांना रेसिड्यू म्हणतात त्यांची, बेरीज करायची. प्रत्येक बेरीज शून्य आली तर हवे ते फलन असते; एक जरी शून्य आली नाही तर नसते. एका भोकाच्या पृष्ठभागावर, म्हणजे टोरसवर, असे डिफरन्शियल मूलतः एकच. म्हणून तिथे एकाच बिंदूवर साधा ध्रुव असलेले फलन सापडत नाही, पण दुहेरी ध्रुव असलेले वायरश्ट्रासचे फलन सापडते, कारण त्याचा अवशेष शून्य असतो. एका बाजूला अडथळे, दुसऱ्या बाजूला डिफरन्शियल्स. दोन्हींची संख्या सारखी, आणि एकाने दुसऱ्याची परीक्षा होते. ड्युऑलिटी ती हीच. बेर्नहार्ड रीमान यांच्या १८५७च्या लेखात याची एक बाजू असमानतेच्या रूपात आहे. ती असमानता समानतेत बदलणारी संख्या १८६५ साली गुस्टाव्ह रोख यांनी दाखवली. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते वारले.

यात कोहोमोलॉजी कुठेच नव्हती. ती यायला मध्ये ऐंशी वर्षे गेली आणि एक युद्ध झाले.

ज्याँ लरे हे द्रवगतिकीतले मोठे नाव. नाव्हिए-स्टोक्स समीकरणांवरचा त्यांचा १९३४चा लेख आजही मूळ आधार मानला जातो. १९४० साली फ्रान्स कोसळला तेव्हा फ्रेंच अधिकारी म्हणून ते पकडले गेले आणि ऑस्ट्रियातल्या एडेलबाख इथल्या ऑफ्लाग सतरा-ए या छावणीत मे १९४५पर्यंत कैदेत राहिले. कैदी अधिकाऱ्यांनी तिथे एक विद्यापीठ चालवले आणि लरे त्याचे प्रमुख झाले. द्रवगतिकीचे ज्ञान शत्रूच्या युद्धयंत्रणेच्या कामी येऊ नये म्हणून आपण टोपॉलॉजीकडे वळलो, हे कारण त्यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. ही नंतरची साक्ष आहे. कैदेत असताना छापल्या जाणाऱ्या कागदावर असे काही लिहिणे शक्यच नव्हते, त्यामुळे तेव्हाच्या लेखनात ती सापडत नाही एवढ्यावरून तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

'शीफ युद्धकैद्यांच्या छावणीत जन्मली' असे मात्र सरसकट म्हटले जाते, ते कागदांशी ताडून पाहायला हवे. १९४२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात लरे यांची टिपणे आली. छावणीतली व्याख्याने १९४५ साली 'जुर्नाल द मातेमातिक प्युर ए आप्लिके' या मासिकात तीन भागांत छापली गेली आणि ती कैदेत दिलेली आहेत हे शीर्षकातच नोंदलेले आहे. या व्याख्यानांत अवकाशाचे त्रिकोणी तुकडे न पाडता कोहोमोलॉजी काढण्याची नवी साधने आहेत, पण शीफ नाही. शीफची व्याख्या छापील रूपात पहिल्यांदा येते ती १९४६च्या टिपणात, सुटकेनंतर वर्षभराने. मधल्या काळाविषयी एक साक्ष आहे : १९४५च्या उन्हाळ्यात लरे यांनी आपल्याला जागोजागी बदलत्या गुणकांच्या कोहोमोलॉजीबद्दल सांगितले होते, अशी आठवण आंद्रे वेय यांनी पुढे आपल्या समग्र लेखनाच्या टिपांत नोंदवली. तिन्ही कागद एकत्र ठेवले तर एवढे म्हणता येते की कल्पनेची मशागत छावणीत झाली आणि ती व्याख्येत बसली सुटकेनंतर. लरे यांची शीफ अवकाशाच्या बंद संचांना गुणक जोडणारी होती. आजचा विद्यार्थी तिला चटकन ओळखणार नाही.

तिला आजचे रूप आले ते आंरी कार्तां यांच्या पॅरिसच्या सेमिनारमध्ये. या सेमिनारची चक्रमुद्रित टिपणे हा इतिहासकाराचा फार मोठा ठेवा आहे, आणि त्यातली एक रिकामी जागाही तितकीच बोलकी आहे. पहिल्या वर्षाच्या, म्हणजे १९४८-४९च्या टिपणांत बारा ते सतरा क्रमांकांची व्याख्याने नाहीत. ती शीफवर होती आणि कार्तां यांनी मागे घेतली, कारण त्यांची मांडणी बदलली होती. १९५०-५१च्या टिपणांत ती नव्याने येते, मिशेल लाझार यांनी सुचवलेल्या व्याख्येसह. एखाद्या गणितज्ञाने आपली सहा व्याख्याने अपुरी ठरवून मागे घ्यावीत आणि दोन वर्षांनी विषय पुन्हा पहिल्यापासून शिकवावा, याचे मला फार मोल वाटते. १९५१-५२ या वर्षात कार्तां संमिश्र विश्लेषणातल्या आपल्या दोन मुख्य प्रमेयांपर्यंत पोचले, आणि शीफ हे टोपॉलॉजीपुरते साधन राहिले नाही.

त्या सेमिनारमधला सर्वांत तल्लख तरुण म्हणजे सेर. १६ एप्रिल १९५३ रोजी त्यांनी आर्मां बोरेल यांना लिहिलेले पत्र बरीच वर्षे अप्रकाशित होते. आता ते त्यांच्या समग्र लेखनात आहे. रीमान-रोख प्रमेय सगळ्या मितींत मांडायचे तर एकेक कोहोमोलॉजी सुटी न धरता सगळ्यांची आलटूनपालटून अधिक-उणे चिन्हांची बेरीज धरावी, हा विचार त्यात आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी कुनिहिको कोदाइरा आणि डोनाल्ड स्पेन्सर यांना लिहिलेल्या पत्रातली अटकळ फ्रीडरिश हिर्त्सेब्रुख यांनी वर्ष संपायच्या आत सिद्ध केली. एखाद्या वर्षात काय घडले हे मासिकांच्या अंकांवरून ठरवायचे नसते, हे १९५३चे कागद चांगले शिकवतात. छपाई एक-दोन वर्षे मागून येत होती.

सेर यांचा ड्युऑलिटीवरचा लेख 'कोमेंतारी मातेमातिची हेल्वेतिची' या स्विस मासिकाच्या १९५५च्या एकोणतिसाव्या खंडात आहे. नववे ते सव्विसावे पान, म्हणजे जेमतेम अठरा पाने. विधान असे : एन मितींचा गुळगुळीत, बंद संमिश्र अवकाश आणि त्यावरचा सदिश-बंडल घेतला, तर त्या बंडलाची क्यू-वी कोहोमोलॉजी आणि दुसऱ्या एका बंडलाची एन-वजा-क्यू-वी कोहोमोलॉजी या एकमेकींच्या ड्युअल असतात. तो दुसरा बंडल मिळवायचा तर पहिल्याचा ड्युअल घ्यायचा आणि त्याला सर्वोच्च प्रतीच्या डिफरन्शियल्सनी गुणायचे. एन म्हणजे एक धरले की रीमान आणि रोख परत मिळतात.

सिद्धता पूर्णपणे विश्लेषणाची आहे. एका बाजूची कोहोमोलॉजी गुळगुळीत डिफरन्शियल फॉर्मांनी काढायची, दुसऱ्या बाजूची लोरां श्वार्त्झ यांच्या डिस्ट्रिब्युशन्सनी. आणि हे दोन्ही अवकाश एकमेकांचे ड्युअल आहेत हे फ्रेशे अवकाशांच्या सिद्धांतातून वापरायचे. अनंत मितींमुळे येणारी अडचण बंद अवकाशावर सुटते, कारण तिथे कोहोमोलॉजी सांत मितीची असते. कार्तां आणि सेर यांनी १९५३ साली हेच सिद्ध केले होते आणि तिथेही श्वार्त्झ यांचेच एक प्रमेय कामी आले होते.

या सुंदर सिद्धतेच्या दोन मर्यादा आहेत आणि पुढची सगळी हकिगत त्यांतून निघते. एक म्हणजे, श्वार्त्झ यांची डिस्ट्रिब्युशन्स संमिश्र संख्यांवरच चालतात. बैजिक भूमितीला कोणत्याही क्षेत्रावर, सांत क्षेत्रांशी नाते असलेल्या क्षेत्रांवरसुद्धा, काम करायचे होते. तिथे लागणारी शीफची भाषा सेर यांनीच तयार केली. 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'च्या एकसष्टाव्या खंडातला त्यांचा ब्याऐंशी पानांचा लेख ऑक्टोबर १९५४ मध्ये मासिकाकडे पोचला आणि १९५५ साली छापून आला. बैजिक भूमितीतली झारिस्की टोपॉलॉजी फार ढोबळ आहे, अविभाज्य अवकाशावर त्यातले कोणतेही दोन रिकामे नसलेले खुले संच एकमेकांना छेदतात. तिच्यातून काही हाती लागेल असे वरवर वाटत नाही. सुसंबद्ध शीफांपुरती ती पुरते, हे त्या लेखाने दाखवले.

दुसरी मर्यादा विधानाच्या आतच होती. त्यात बंडलाचा ड्युअल घ्यावा लागतो. पण बैजिक भूमितीत बंडल नसलेल्या शीफ पावलोपावली भेटतात. सर्वांत साधे उदाहरण : एकाच बिंदूवर एकमितीय अवकाश ठेवणारी आणि बाकी सगळीकडे शून्य असलेली शीफ. तिची शून्यावी कोहोमोलॉजी एका मितीची. तिचा नेहमीच्या अर्थाने ड्युअल घ्यायला गेलो तर हाती शून्य येते. म्हणजे जुने विधान इथे लावले तर एक बरोबर शून्य असे म्हणावे लागेल. अर्थात सेर यांनी ते इथे लावलेच नव्हते. त्यांचे प्रमेय बंडलांपुरतेच होते आणि तसेच नेमके मांडलेले होते.

आता पत्रांकडे. १९५५च्या सुरुवातीला ग्रोथेन्डिक कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स गावी होते. त्यांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. श्वार्त्झ यांच्याकडे टोपॉलॉजिकल सदिश अवकाशांवर थोर काम करून ते आधी साओ पाउलोला आणि मग कॅन्ससला गेले होते. सेर नान्सीत शिकवत होते आणि पॅरिसमधल्या घडामोडींच्या मध्यभागी होते. एकाकडे सवड आणि दूरत्व, दुसऱ्याकडे ताज्या बातम्या. हा पत्रव्यवहार इतका दाट झाला याचे एक कारण मला यात दिसते.

१८ फेब्रुवारीच्या पत्रात ग्रोथेन्डिक लिहितात की होमोलॉजिकल बीजगणितातला डिराइव्हड फंक्टरांचा सिद्धांत मॉड्यूलांपुरता न ठेवता अधिक सामान्य कॅटेगरींसाठी मांडला, तर शीफ कोहोमोलॉजी त्याच सिद्धांतातून विशेष श्रम न घेता मिळते. १२ मार्चला सेर उत्तर देतात. कार्तां आणि सॅम्युएल आयलेनबर्ग यांच्या तेव्हा अजून न छापलेल्या ग्रंथात हे नाही, असे ते कळवतात. कार्तां यांना ते ठाऊक होते आणि त्यांनी डेव्हिड बक्सबाऊम यांना ते काम करायला सुचवले होते, अशीही माहिती देतात. पुढे एक शंका मांडतात : ज्या अवकाशात बिंदू एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, तिथे आवश्यक त्या गुणांच्या शीफ पुरेशा असतील का? आपल्याला वाटते की नसाव्यात, पण मुळीच खात्री नाही, असे ते म्हणतात.

शंका नेमकी झारिस्की टोपॉलॉजीच्या मुळाशी जाते, कारण ती तसलाच अवकाश देते. ग्रोथेन्डिक यांनी वेगळी वाट धरली. सेर ज्या प्रकारच्या शीफ शोधत होते त्यांच्या मागे न लागता त्यांनी इंजेक्टिव्ह शीफ घेतल्या, आणि कोणत्याही टोपॉलॉजिकल अवकाशावर त्या पुरेशा असतात हे सिद्ध केले. १३ जुलैच्या पत्रात सेर कळवतात की बूर्बाकी या गणितज्ञांच्या गटाने तुमचा मसुदा लक्षपूर्वक वाचला आणि सगळे तुमच्या मताचे झाले. हा मसुदा १९५७ साली जपानच्या 'तोहोकू मॅथेमॅटिकल जर्नल'मध्ये छापला गेला; १०३ पाने. छापील लेख वाचताना हे प्रमेय इतके सहज वाटते की एकेकाळी सेर यांच्यासारख्या माणसाचा अंदाज उलट होता असे कोणाच्या मनातही येणार नाही. पत्रे नसती तर ही गोष्ट कायमची पुसली गेली असती.

या पार्श्वभूमीवर डिसेंबरचे पत्र वाचले पाहिजे. ग्रोथेन्डिक यांच्या हाती आता असे यंत्र होते की कोणत्याही शीफपासून दुसऱ्या कोणत्याही शीफपर्यंतचे 'एक्स्ट' काढता यावे. 'हॉम' म्हणजे एका शीफकडून दुसरीकडे जाणारे सरळ नकाशे. ज्या वेळी असा नकाशाच नसतो त्या वेळीही दोन शीफांमधले जे नाते उरते, ते एक्स्ट मोजतो. ग्रोथेन्डिक यांचे सूत्र असे : सुसंबद्ध शीफची क्यू-वी कोहोमोलॉजी ही त्या शीफपासून सर्वोच्च डिफरन्शियल्सच्या शीफपर्यंतच्या एन-वजा-क्यू-व्या एक्स्टची ड्युअल आहे. 'शीफचा ड्युअल' हा शब्दप्रयोगच विधानातून गेला. बंडल असेल तर हा एक्स्ट सेर यांच्या जुन्या कोहोमोलॉजीशी जुळतो. एका बिंदूवर बसलेली शीफ असेल तर सरळ नकाशे शून्य, पण एन-वा एक्स्ट एका मितीचा. म्हणजे एक बरोबर एक. मघाची विसंगती नाहीशी होते.

२२ डिसेंबरच्या उत्तरात सेर यांचा उत्साह लपत नाही. विश्लेषणात काय आणि बीजगणितात काय, ड्युऑलिटीचे विधान मांडण्याची हीच योग्य रीत आहे अशी आपली खात्री असल्याचे ते लिहितात, आणि आपल्या दृष्टीने बीजगणितातली बाजू जास्त महत्त्वाची, असेही जोडतात. आपले प्रमेय अठरा पानांत नुकतेच छापून आलेले असताना दुसऱ्याने त्याला वेगळे रूप दिले आणि मूळ लेखकाने तेच रूप खरे म्हणून उचलून धरले. गणिताच्या इतिहासात श्रेयावरून झालेल्या भांडणांची पत्रे भरपूर सापडतात. अशी पत्रे फार थोडी.

नवे विधान छापील रूपात आले मे १९५७ मध्ये, बूर्बाकी सेमिनारच्या १४९व्या व्याख्यानात. १९५८च्या एडिंबरा काँग्रेसमधल्या भाषणात ग्रोथेन्डिक आणखी पुढे गेले. पण पूर्ण सिद्धांत कुठेच लिहिला गेला नव्हता, आणि याला तत्कालीन साक्षीदार आहे. रॉबिन हार्टशोर्न यांनी 'रेसिड्यूज अँड ड्युऑलिटी' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे की १९६३च्या वसंतात त्यांनी हार्वर्डमध्ये या विषयावर सेमिनार घेण्याची कल्पना ग्रोथेन्डिक यांच्यापुढे ठेवली, कारण १९५७ आणि १९५८च्या भाषणांत फक्त सूचना होत्या. ग्रोथेन्डिक यांनी मान्य केले : आराखडा मी देतो, तपशील तुम्ही भरा. त्या उन्हाळ्यात त्यांनी पूर्वटिपणे लिहून पाठवली, त्यांवर १९६३-६४ मध्ये सेमिनार झाला, आणि १९६६ साली स्प्रिंगरच्या लेक्चर नोट्स मालेचा विसावा खंड म्हणून चारशेहून अधिक पानांचे पुस्तक निघाले.

पाने इतकी का वाढली? कारण १९५५च्या विधानाने सुरू झालेली मागणी आता टोकाला गेली होती. एकाच अवकाशाऐवजी एका अवकाशाकडून दुसऱ्याकडे जाणारा नकाशा घ्यायचा, आणि गुळगुळीतपणाची अट सोडायची. मग सर्वोच्च डिफरन्शियल्सची शीफ पुरत नाही. तिच्या जागी एक संपूर्ण कॉम्प्लेक्स, म्हणजे शीफांची साखळी, लागते, आणि प्रत्येक नकाशासाठी ते पुरवणारा एक उलट्या दिशेचा फंक्टर लागतो. हे सगळे बोलायला डिराइव्हड कॅटेगरीची भाषा हवी, जी ज्याँ-लुई व्हेर्दिए त्याच सुमारास घडवत होते. हार्टशोर्न यांच्या पुस्तकात तो फंक्टर बांधून काढला आहे : गुळगुळीत नकाशांसाठी एका सूत्राने, सांत नकाशांसाठी दुसऱ्या सूत्राने, आणि मग दोन्ही सांधून. सांधे जुळतात हे तपासण्यातच पाने जातात.

त्याच पुस्तकाला शेवटी एक परिशिष्ट आहे. ते म्हणजे पिएर दलीन्य यांनी ३ मार्च १९६६ या तारखेने हार्टशोर्न यांना लिहिलेले पत्र. दलीन्य तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांनी क्रम उलटा केला. फंक्टर आधी बांधायचा आणि मग तो ड्युऑलिटी देतो हे दाखवायचे, याऐवजी ड्युऑलिटी देणारा फंक्टर असलाच पाहिजे हे तत्त्वतः सिद्ध करायचे; त्याचे सूत्र काय, ते मागाहून पाहता येते. एका ग्रंथाच्या पाठीला त्याच ग्रंथाची वाट अनावश्यक ठरवू पाहणारे पत्र जोडलेले आहे, आणि लेखकाने ते आनंदाने छापले आहे.

इथे हकिगत मुंबईत येते, आणि ती अचानक आलेली नाही. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती त्या काळात, १९५५ साली, श्वार्त्झ यांची संमिश्र अवकाशांवरची व्याख्याने संस्थेने प्रसिद्ध केली, टिपणे एम. एस. नरसिंहन यांची. ज्यांच्या डिस्ट्रिब्युशन्सवर सेर यांची सिद्धता उभी होती तेच श्वार्त्झ, आणि वर्षही तेच. १९५७ साली सी. एच. डाउकर यांची शीफ सिद्धांतावरची व्याख्याने निघाली, ती एस. व्ही. अडवी आणि एन. रामभद्रन यांनी लिहून घेतली होती. तोहोकूचा लेख छापला गेला तेही १९५७च. मुंबई या विषयात जगाच्या मागे नव्हती, हे या दोन तारखांवरून निःसंशय दिसते.

जानेवारी १९६८ मध्ये संस्थेने बैजिक भूमितीवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला. त्याचा खंड १९६९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. बैजिक चक्रांविषयीच्या ग्रोथेन्डिक यांच्या प्रसिद्ध अटकळी याच खंडात आहेत, त्यामुळे त्याचे नाव निघाले की सर्वांना तो लेख आठवतो. पण ३९३व्या पानावर व्हेर्दिए यांचा लेख सुरू होतो आणि ४०८व्या पानावर संपतो. दलीन्य यांची वाट धरून व्हेर्दिए त्यात दाखवतात की तो उलट्या दिशेचा फंक्टर पाया बदलला तरी टिकतो, आणि त्यावरून गुळगुळीत नकाशासाठीचे सर्वोच्च डिफरन्शियल्सचे सूत्र आपोआप बाहेर पडते. सोळा पाने. चारशे पानांच्या बांधकामाचा गाभा एवढ्या जागेत मावला, तो १९५५ साली प्रश्न नीट विचारला गेला होता म्हणून. माझा निष्कर्ष तरी हाच आहे.

थोडक्या पानांत मावला म्हणजे सगळे तपशील पूर्ण झाले असे मात्र नव्हे. हार्टशोर्न यांच्या पुस्तकातल्या स्पष्ट सूत्रांचे, चिन्हांसकट, एकमेकांशी जुळणे आणि पाया बदलताना ट्रेसचे, म्हणजे अवशेषांच्या बेरजेच्या व्यापक रूपाचे, टिकणे हे काम बाकी राहिले होते. ते ब्रायन कॉनराड यांनी २००० साली लेक्चर नोट्स मालेच्या १७५०व्या खंडात केले. मधे चौतीस वर्षे गेली.

हार्टशोर्न यांच्या १९७७च्या पाठ्यपुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणाचा सातवा विभाग आज जगभरचे विद्यार्थी 'सेर ड्युऑलिटी' या नावाने शिकतात. तिथले विधान एक्स्टचे आहे, म्हणजे ग्रोथेन्डिक यांच्या पत्रातले. नाव बदलण्याची गरज नाही. पण हा विभाग शिकवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या प्राध्यापकांनी वर्गात त्या दोन पत्रांच्या तारखा जरूर सांगाव्यात. आणि विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातून १९६९चा मुंबईचा तो खंड काढून ३९३ ते ४०८ ही पाने एकदा स्वतः वाचावीत.